पक्षिपंडित सलीम अली आणि त्यांची टिपणवही

थोर पुरुषांच्या चरित्राचा आरंभ बहुधा त्यांच्या कुळापासून अथवा एखाद्या गाजलेल्या पराक्रमापासून करण्याची रीत आहे. प्रस्तुत चरित्राचा आरंभ मात्र दहा वर्षांच्या एका मुलाच्या हस्ताक्षरातील काही ओळींपासून करणे उचित होईल. त्या ओळींत काव्य नव्हते, पांडित्य नव्हते, शुद्ध आचरणाचाही बोध नव्हता. त्यांत होते ते केवळ डोळ्यांनी पाहिलेले एक सत्य. परंतु तेवढ्यावरच त्या मुलाच्या साऱ्या आयुष्याची इमारत उभी राहिली. तो मुलगा म्हणजे पुढे सर्व जगात मान्यता पावलेले भारतीय पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली होत.

सलीम मोइझुद्दिन अब्दुल अली ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईस एका सुलेमानी बोहरी कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असता वडील वारले आणि तीन वर्षांचे असता आईनेही इहलोकीची यात्रा संपविली. अशा पोरक्या मुलांचा प्रतिपाळ त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. ह्या दांपत्यास स्वतःचे मूल नव्हते. परंतु घर मुलांनी सदैव गजबजलेले असे. गिरगावात झनाना बायबल मेडिकल मिशनची मुलींची शाळा होती, तीत आपल्या दोन बहिणींबरोबर सलीमचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे तो सेंट झेवियर्समध्ये जाऊ लागला. वर्गात त्याने फार मोठी चमक दाखविली असे नाही. त्याचे मन खिडकीबाहेरच अधिक रमे.

मामांस शिकारीचा शोक होता, आणि त्या काळच्या चालीस अनुसरून त्यांनी भाच्याला एक छर्‍याची बंदूक दिली. ती घेऊन सलीम घराभोवती चिमण्या टिपीत फिरे. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे आणि नर भोकाजवळच्या खिळ्यावर राखण करी. सलीमने उभ्या असलेल्या गाडीच्या आड दडून त्या नरास मारले. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. तोही मारला, तो तिसरा हजर! अशा रीतीने सात दिवसांत आठ नर त्या एका खिळ्यावर बळी पडले, तरी मादीचा संसार काही अडला नाही. ही सारी हकीकत मुलाने कागदावर लिहून ठेवली. हा काळ १९०६-०७ चा.

आज ही क्रूरता वाचून मनास क्लेश होतात, आणि व्हावयासही पाहिजेत. ती नोंद आपण ज्ञानाच्या हेतूने नव्हे, तर शिकारीच्या फुशारकीने केली होती, हे सलीम अलींनी वृद्धपणी मोकळेपणाने सांगितले आहे. तथापि नवल असे की, हेतू बालिश असूनही नोंद खरी होती. किती दिवस, किती नर, बसण्याची जागा कोणती, मादीचे वर्तन काय, हे सर्व त्याने पाहिले तसे उतरविले होते. म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर ती छापली गेली, तेव्हा घरटे करणाऱ्या प्रत्येक नराच्या मागे जागेची वाट पाहणारे किती नर असू शकतात, ह्या प्रश्नाच्या अभ्यासास तिचा उपयोग होण्याजोगा होता. लिहिणाऱ्या मुलास जे कळले नव्हते तेही त्याच्या लेखणीने जतन करून ठेवले होते. खऱ्या नोंदीचा हाच महिमा होय.

ह्याच सुमारास एके दिवशी त्याच्या छर्‍याने एक निराळीच चिमणी खाली पडली. तिच्या गळ्यावर हळदीचा डाग लागल्यासारखा पिवळा ठिपका होता. मामांस ती ओळखता येईना. तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलार्ड ह्यांच्याकडे पाठविले. ही संस्था १८८३ साली आठ गृहस्थांनी मिळून स्थापन केली होती आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले लोक होते. संकोचलेला सलीम पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या त्या दालनात शिरला. मिलार्ड ह्यांनी त्यास हिडिसफिडिस केले नाही. त्यांनी ती पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे असे सांगितले, कप्प्यामागून कप्पे उघडून हिंदुस्थानातील नाना जातींचे पक्षी दाखविले, वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्यांची कातडी टिकवून ठेवण्याची व त्यांजवर नोंद लिहिण्याची पद्धत शिकविण्याची व्यवस्था केली. एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाच्या प्रश्नासाठी अर्धा तास मोडला, आणि त्या अर्ध्या तासाचे फळ पुढे साऱ्या देशास मिळाले.

पुढील मार्ग मात्र सरळ नव्हता. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकेदुखीच्या विकाराने सलीम बेजार झाला. हवापालट व्हावा म्हणून त्याला सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. शाळा वारंवार बुडाली. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिकची परीक्षा उतरला. महाविद्यालयात मन लागेना, म्हणून कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यापारात मदत करण्यास तो ब्रह्मदेशात तव्हाय येथे गेला. व्यापारात यश आले नाही. पण तेथील अरण्यांत पाखरे पाहण्याची हौस पुरेपूर भागली. १९१७ साली ते परत आले तेव्हा त्यांनी दावर ह्यांच्या महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेब ह्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांचा खरा ओढा ओळखला तो सेंट झेवियर्स कॉलेजातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लाटर ह्यांनी. त्यांच्या आग्रहाने सलीम अली प्राणिशास्त्राच्याही वर्गास बसू लागले. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा त्यांस मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात, प्रेक्षकांस माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी मिळाली. पण भुसा भरलेल्या पक्ष्यांविषयी बोलून त्यांचे समाधान होईना. १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक श्ट्रेझेमान ह्यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. मेलेल्या पक्ष्याचे पीस मोजण्याइतकेच जिवंत पक्ष्याचे वर्तन धीराने पाहणे महत्त्वाचे आहे, ही दृष्टी त्यांस तेथे लाभली. १९३० साली मायदेशी येऊन पाहतात तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली!

नोकरी गेली, घरखर्चाची चिंता उभी राहिली. पतिपत्नी मुंबई सोडून अलिबागजवळ समुद्रकाठी किहीम ह्या गावी राहावयास गेली. ते पावसाळ्याचे दिवस होते. घराजवळच सुगरणींची वसाहत झाडावर झुलत होती. बेकार झालेल्या ह्या गृहस्थाने आपल्या नशिबास बोल लावीत न बसता, घरट्यांजवळ उंच आडोसा करून त्यात बसण्याचा क्रम धरला. रोज, तासन् तास, कोणत्या घरट्यावर कोण आले, कोणी काय विणले, कोण परत गेले, हे ते टिपून ठेवीत.

आपल्या भाषेने ह्या पक्ष्यास सुगरण असे स्त्रीलिंगी नाव दिले आहे. घरटे इतके नीटस, तेव्हा ते मादीचेच काम असावे असे सहज वाटते. किहीमच्या टिपणांनी निराळीच गोष्ट उजेडात आणली. घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट, टोपीसारखे होईपर्यंत विणून ठेवतो. मग माद्या येऊन, घर पाहावयास आलेल्या चोखंदळ गृहिणीप्रमाणे, आतबाहेर पाहणी करतात. एखादीने घर पसंत केले तरच नर ते पुरे करतो, त्यास खाली लोंबणारी नळी लावतो, आणि मादी अंड्यांवर बसली की लगेच दुसऱ्या घरट्यास व दुसऱ्या संसारास आरंभ करतो. हे निरीक्षण १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत झाले. सुगरण ही नवी जात नव्हती. शेकडो वर्षे शेतकऱ्याच्या विहिरीवर ती डोळ्यांसमोर झुलत होती. उणीव होती ती तिच्याकडे रोज पाहून रोज लिहिणाऱ्या माणसाची.

ह्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर-कोचीन आदी संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी करण्याचे काम त्यांस मिळू लागले. मोबदला म्हणजे जेमतेम प्रवासखर्च. तेहमिना बेगम मोठ्या सुखात वाढलेल्या होत्या. परंतु तंबूतील राहणे, बैलगाडीचा प्रवास, रानातील गैरसोयी हे सर्व त्यांनी आनंदाने पत्करले आणि पतीच्या कार्यास आपलेच मानले. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. सलीम अलींवर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण व मेहुणे ह्यांनी त्यांस आपल्या घरी आधार दिला, आणि ते अधिकच निष्ठेने कामास लागले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. रंगीत चित्रे व सुबोध वर्णन ह्यांमुळे पंडितांच्या कपाटातील पक्षिशास्त्र घराघरांत आले. पंडित जवाहरलाल नेहरूंनी कारागृहातून ह्या पुस्तकाची प्रत आपली कन्या इंदिरा हिला पाठविली होती. तुरुंगाच्या भिंतीआड असलेल्या पित्याने लेकीस द्यावयाची भेट म्हणून पाखरांचे पुस्तक निवडावे, ह्यात मोठा अर्थ आहे. पुढे त्याच इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या, आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली बुडू नये म्हणून सलीम अलींसारख्यांनी आवाज उठविला तेव्हा तो त्यांच्या कानी पोहोचला. १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. टिपण ठेवणे चांगले खरे, पण खोटे टिपण हे मुळीच न ठेवण्याहून वाईट. १९३७ साली सलीम अली अफगाणिस्तानच्या सफरीवर कर्नल माइनर्ट्सहागेन नावाच्या नामांकित इंग्रज पक्षिसंग्राहकाबरोबर गेले होते. त्या कर्नलने आपल्या रोजनिशीत सलीम अलींविषयी बरेच उणे लिहिले होते. सलीम अलींनी ते आपल्या १९८५ च्या आत्मचरित्रात न लपविता छापून टाकले. स्वतःच्या निंदेची नोंदही त्यांनी गाळली नाही. उलट त्या कर्नलच्या संग्रहाची कसून तपासणी झाली तेव्हा काय आढळले? इतर संग्रहालयांतून चोरलेले पक्षी आणि त्यांना बांधलेल्या बनावट चिठ्ठ्या!

ह्या लबाडीची झळ आपल्या प्रांतासही लागली. खानदेशच्या रानात रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड असे. १८८४ नंतर ते कोणास खात्रीने आढळले नव्हते. माइनर्ट्सहागेन ह्याच्याजवळील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर मात्र १९१४ साल व गुजरातेतील ठिकाण घातलेले होते, त्यामुळे शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली. ती चिठ्ठी खोटी ठरली. तो पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळविलेला होता. मग शोधकांनी खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवला. १९९७ च्या नोव्हेंबरात शहादे गावाजवळच्या रानात, एकशे तेरा वर्षांनी, तो रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. डेव्हिडसनची एक खरी नोंद शतकानंतर वाटाड्या झाली, आणि नावाजलेल्या माणसाच्या एका खोट्या नोंदीने कित्येकांस चकविले. सलीम अली हा दिवस पाहावयास हयात नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीवर आर्थिक संकट आले असता त्यांनी पंडित नेहरूंकडे शब्द टाकून तिला सावरले. पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याची मोठी योजना त्यांच्या मार्गदर्शनाखाली चालली. भरतपूरचे केवलादेव हे पाणस्थळ एके काळी संस्थानिकांचे बदकांच्या शिकारीचे रान होते. ते पक्ष्यांचे अभयस्थान व्हावे म्हणून ते झटले. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली ह्यांच्यासह त्यांनी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ ह्या काळात सिद्ध केला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, तसेच पॉल गेटी पारितोषिक, १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व, असे अनेक मान त्यांस मिळाले. पदवीवाचून ज्यास एके काळी नोकरी नाकारली गेली, त्यास विद्यापीठांनी आपण होऊन डॉक्टर ही पदवी अर्पण केली. १९८७ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पश्चात एका घटनेने त्यांच्या शिकवणीची खरी किंमत दाखविली. गिधाडे पूर्वी इतकी विपुल होती की त्यांची गणती करावी असे कोणाच्याही मनात येऊ नये. परंतु सोसायटीच्या अभ्यासकांनी केवलादेव येथे १९८५-८६ च्या सुमारास त्यांची घरटी मोजून ठेवली होती. १९९० च्या दशकाअखेर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा बहुतेक घरटी ओस पडलेली दिसली. जुना आकडा कागदावर होता म्हणूनच नवी हानी सिद्ध करता आली. मग कारणाचा शोध लागला. गुराढोरांस दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचे मूत्रपिंड निकामी करीत होते. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधास भारतात बंदी झाली. ज्या पंचवटीच्या परिसरात आणि इगतपुरी तालुक्यातील टाकेद क्षेत्री आपण जटायूची कथा भक्तिभावाने ऐकतो, तेथील मुलांस ही हकीकत दूरची वाटू नये. जटायूच्या वंशजांवर घाला आला तेव्हा त्यांच्या साह्यास धावून गेली ती एक मोजदादीची वही.

विद्यार्थी मित्रांनो, सलीम अलींच्या चरित्रातील बंदूक आपल्याला घ्यावयाची नाही. १९७२ च्या कायद्याने वन्य पक्ष्यांस संरक्षण दिले आहे आणि स्वतः सलीम अलींचे सारे उत्तरायुष्य पक्ष्यांच्या रक्षणार्थ खर्ची पडले. आपल्याला घ्यावयाची आहे ती त्यांची वही. तिला फार खर्च नाही. एक साधी वही, एक शिसपेन्सिल आणि रोजची पंधरा मिनिटे पुरेत. तारीख, वेळ, ठिकाण व हवामान प्रथम लिहावे. मग काय पाहिले, किती पाहिले, ते काय करीत होते, हे लिहावे. चित्र साधेना तरी काढावे, कारण चित्र काढताना चोचीचा बाक व शेपटीची लांबी डोळ्यांस नीट पाहावीच लागते. नाव ठाऊक नसेल तर अज्ञात म्हणून लिहावे, पण अंदाजाने नाव ठोकून देऊ नये.

ह्या कामी घरातील सर्वांस भाग घेता येतो. आजोबा-आजींस विचारावे की, त्यांच्या लहानपणी गोदावरीकाठी कोणती पाखरे येत, आणि त्यांचे सांगणे त्यांचे म्हणून वेगळे टिपून ठेवावे. आईने परसातील तुळशीवर येणारे फुलपाखरू दाखवावे, थोरल्या भावाने मोजावे, धाकटीने रंगवावे. आपल्या नाशिककरांस तर निसर्गाने काही उणे ठेवलेले नाही. पांडवलेण्यांच्या डोंगराची वाट आहे, गंगापूर धरणाचा जलाशय आहे, आणि निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वर तर महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणस्थळ म्हणून २०२० साली जाहीर झाले आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीची बदके उतरतात. परंतु इतके लांब जाण्याचीही गरज नाही. पाऊस सरताना अंगणात शेपटी हालवीत परीट प्रथम कोणत्या दिवशी आला, फाल्गुनात शाळेजवळचा पळस कधी फुलला, ज्येष्ठात पावशा प्रथम कधी ओरडला, एवढे दरसाल लिहिले तरी दहा वर्षांनी ती वही मोलाची होईल.

आणि शिक्षक व पालक ह्यांस एक विनंती आहे. एखादे मूल मुठीत पीस किंवा पान घेऊन प्रश्न विचारावयास आले, तर त्यास अभ्यासाला बस म्हणून परत लावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर सलीमच्या मामांप्रमाणे त्यास जाणत्याकडे पाठवावे, आणि आपण जाणते असू तर मिलार्ड ह्यांच्याप्रमाणे कप्पे उघडून दाखवावे. आज ह्या शाळेत कोणाच्या दप्तरात कोणती वही आहे, आणि तिच्यातील कोणती ओळ शंभर वर्षांनी कोणाची वाटाडी होणार आहे, हे आज कोणासही सांगता येणार नाही. ती ओळ खरी असावी, एवढी काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी.